तिसरा वॉशर

आमच्या बोटीच्या इंजिनाने माघ महिन्यातच धूर सोडायला सुरुवात केली होती. सकाळी इंजिन थंड असताना पहिली पाच-सात मिनिटे पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघायचा; मग इंजिन तापले आणि बोटीत माणसे भरून वेग वाढवला, की तोच धूर काळा व्हायचा आणि नदीच्या पाण्यावर आमच्या मागे लांबवर रेंगाळत राहायचा. हे मी रोज पाहत होतो. त्याच दिवसांत इंजिनातले तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली, की तेल कमी होण्याऐवजी खुणेच्या वर आलेले दिसे, आणि इतके जुने इंजिन असूनही ते तेल खात नाही याचे मला समाधान वाटे. त्या पट्टीचा वास घेऊन पाहण्याचे मला सुचले नाही, ही माझी चूक होती. तेल आपणहून कधी वाढत नाही. ते वाढलेले दिसले तर त्यात दुसरे काहीतरी मिसळत असते, आणि आमच्या इंजिनात डिझेल मिसळत होते.

बोट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या काठावरच्या एका आश्रमशाळेत मी बावीस वर्षे शिकवले. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्याने बोट घ्यायचे ठरवले, तेव्हा इंजिनाचे निम्मे पैसे मी घातले, आणि तेव्हापासून महिन्यातले आठ-दहा दिवस शहाद्याजवळचे घर सोडून मी त्याच्याकडे जाऊन राहतो. सरदार सरोवराच्या फुगवट्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली आणि ती सगळी नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतली आहेत. ज्या पायवाटांनी माणसे एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जात असत, त्यांतल्या कितीतरी आता पाण्याखाली आहेत. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी त्या पातळीकडे चढते तेव्हा ते डोंगराच्या घळ्यांतून आतवर शिरते, आणि उन्हाळ्याकडे उतरू लागले, की काठाला गुडघाभर चिखल सोडून जाते. त्यामुळे बोट लावण्याची आमची जागा वर्षभर एक राहत नाही, आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला 'अमुक ठिकाणी या' असे सांगण्याचीही सोय नसते.

शहाद्याचा मिस्त्री इथपर्यंत यायला तयार नव्हता आणि त्याला मी दोष देत नाही. घाट चढून धडगावला यायचे, तिथून दुसऱ्या गाडीने शेवटच्या पाड्यापर्यंत, पुढे हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन उतार पायी उतरायचा, आणि एखादा सुटा भाग विसरला तर तोच प्रवास उलटा करायचा. पण होळी तीन आठवड्यांवर आली होती. सातपुड्यात होळीइतका मोठा सण नाही. तिच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर गेलेली माणसे परततात, आणि ज्या बोटीत एरवी पंधरा माणसे बसतात तिच्यासाठी काठावर चाळीस उभी राहतात. त्या दिवसांत पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद पडले तर काय, हा विचार एकदा मनात आल्यावर मला झोप लागेना. नोझल आपणच काढायचे, असे आम्ही ठरवले. (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या अख्ख्या इंजेक्टरलाच आमच्याकडे नोझल म्हणतात. खरे तर नोझल हे त्याचे फक्त टोक. पण मीही तोच शब्द वापरतो.)

आधी दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते शोधायला हवे होते. इंजिन तीन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, मुळात जमिनीवर चालण्यासाठी बनलेले आणि नंतर गिअरबॉक्स व पंख्याचा दांडा जोडून बोटीत बसवलेले. मंद गतीवर ते चालू ठेवून एकेका नोझलवर येणाऱ्या पोलादी नळीचा नट १७ च्या पान्याने जेमतेम अर्धा फेरा सैल करायचा. तसे केले, की त्या सिलिंडरला मिळणारे डिझेल तिथेच बाहेर पडते आणि तो सिलिंडर गप्प होतो. पहिला नट सैल केला तसा इंजिनाचा आवाज खचला आणि सगळी बोट लंगडल्यासारखी हलू लागली; दुसऱ्याचे तेच झाले. तिसरा सैल केला आणि आवाजात काहीही फरक पडला नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता, आणि उरलेले दोघे त्याचाही भार ओढत होते.

ही तपासणी करताना मी माझ्या विद्यार्थ्याला हात लांब ठेवायला दोनदा बजावले आणि इथेही ते बजावून लिहितो. त्या नळीतला दाब साधा नसतो. मोटारसायकलच्या चाकात साधारण २ बार हवा असते; आमच्या इंजिनाच्या पुस्तकात नोझल उघडण्याचा दाब २०० बार दिला आहे. नोझलमधून सुटलेली किंवा चिरलेल्या नळीतून निसटलेली सुईसारखी धार कातडी भेदून आत जाते. बाहेर एखाद्या काट्याच्या खुणेएवढी जखम दिसते आणि आत मात्र डिझेल बोटभर पसरलेले असते. अशा जखमेला ताबडतोब शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर लागतो, आणि आमच्या काठापासून तो किती लांब आहे हे वेगळे सांगायला नको.

डिझेल इंजिन माझ्या ओळखीचे झाले ते तापीच्या काठी. प्रकाशा गावाच्या अलीकडे आमचे शेत होते आणि नदीच्या कडेला, दगडी चौथऱ्यावर आप्पांचे इंजिन बसवलेले होते. इंग्लंडमधल्या लिस्टर कंपनीने १९२९ पासून बनवलेल्या नमुन्यावरून राजकोटकडे जी एका सिलिंडरची, दोन जड चाकांची इंजिने तयार होत, त्यांतले ते एक होते. मिनिटाला ६५० फेरे, त्याहून जास्त नाही; त्याचा ठोका रात्री आमच्या घरापर्यंत ऐकू येई आणि तो ऐकू येईपर्यंत आई निवांत असे. ठोका चुकला, की आप्पा जेवता जेवता थांबत आणि म्हणत, "इंजिननी हवा लिधी वाटस." (इंजिनाने हवा घेतली वाटते.) मग कंदील घेऊन आम्ही दोघे नदीकडे जात असू. मला पान्याला हात लावण्याआधी त्यांची एकच अट असे: "हात धोई ले, मंग पाना धर." काम संपल्यावर हात धुणारे लोक मी पुष्कळ पाहिले, आधी धुणारे आप्पा. त्या वयात मला ते विचित्र वाटे. हे इंजिन तेलकट आणि काळे असताना हात कशासाठी धुवायचे? त्याचे उत्तर मला पुष्कळ उशिरा, नोझलच्या आतली सुई प्रत्यक्ष हातात घेतल्यावर मिळाले.

ती सुई आणि तिचे घर यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतक्या बारीक फटीमुळे तिथे रबराचे किंवा कशाचेच पॅकिंग लागत नाही; दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांना इतके जुळवून घासलेले असतात, की एका नोझलची सुई दुसऱ्याच्या घरात घालायची नसते. वरून एक ताठ स्प्रिंग सुईला खाली दाबून धरते. पंपाकडून आलेल्या डिझेलचा दाब स्प्रिंगच्या जोराहून वाढला, की सुई केसभर उचलली जाते, टोकाच्या बारीक छिद्रांतून डिझेलचे धुके आत उडते, आणि दाब उतरताच सुई खट्कन बसते. १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या आमच्या इंजिनात हे प्रत्येक नोझलला मिनिटाला ७५० वेळा करावे लागते, म्हणजे तासाला ४५,००० वेळा. आणि प्रत्येक खेपेला त्यासाठी मिळणारा अवधी सेकंदाच्या चारशेव्या-पाचशेव्या भागाएवढा असतो. इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेतच डिझेलने पेटायचे असते, आणि ते वेळेवर पूर्ण जळण्यासाठी धुकेच हवे. थेंब पडले तर ते अर्धवट जळून काजळी होतात, आणि उरलेले सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात जातात. आमच्या काळ्या धुराचा आणि वाढलेल्या तेलाचा उगम एकच होता.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग इथे जे इंजिन चालवून दाखवले त्यात अशी नोझल नव्हती. इंधन आत फुंकण्यासाठी त्याला दाबलेली हवा लागे, त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, आणि हा सगळा संसार कारखान्यात किंवा मोठ्या जहाजावरच मावत असे. डिझेल स्वतः १९१३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून रात्री नाहीसा झाला. त्याच्या नावाचे इंजिन ट्रकमध्ये, शेताच्या बांधावर आणि लहान बोटीत येऊ शकले ते दाबाने इंधन देणारा पंप आणि नोझल आटोपशीर आकारात बनू लागल्यावर. बॉश कंपनीने असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला १९२७ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि तिचे नाव खेड्यापाड्यातल्या मिस्त्र्यांच्या तोंडी इतके बसले, की आप्पा पंपाला पंप न म्हणता मायकोच म्हणत.

कामाला आम्ही पहाटे लागलो, कारण ऊन चढल्यावर काठावरून वारा सुटतो आणि वाळलेल्या चिखलाची धूळ उडते. बोट दोन्ही बाजूंनी बांधली. इंजिनाच्या खाली पत्र्याचा ट्रे सरकवला, कारण त्याच पाण्यातून पन्नास पावलांवर बायका हंडे भरतात आणि सांडलेले चमचाभर डिझेल पाण्यावर केवढी मोठी साय धरते हे त्यांनी आणि आम्ही पाहिलेले आहे. टाकीची तोटी बंद केली. मग एकही नट न उघडता, नोझलच्या भोवतालची सगळी घाण ब्रशने आणि डिझेलने धुऊन काढली, कारण नोझल उचलल्यावर तिथला कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडतो. हे धुणे दीड तास चालले. माझ्या विद्यार्थ्याला ते फार वाटले आणि तसे त्याने बोलूनही दाखवले. पण हे काम शिकू पाहणाऱ्याला मी सांगेन, की या दीड तासातली पाच मिनिटेही वाचवू नयेत.

पोलादी नळ्या काढताना त्या वाकवायच्या नसतात. दोन्हीकडचे नट सोडून अख्खी नळी तिच्या मूळ आकारात उचलायची, आणि उघडी झालेली तोंडे त्याच क्षणी झाकायची. त्यासाठी मी बॉलपेनची टोपणे उकळत्या पाण्यात धुऊन आणली होती. जिथे ती बसली नाहीत तिथे स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा आणि रबर लावले. नोझलमधून परत जाणाऱ्या डिझेलची बारीक नळी काढली, दाबपट्टीचे दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने सैल केले, आणि पहिले नोझल हाताने जरा फिरवताच वर आले. दुसरेही आले. तिसरे आले नाही.

त्याच्या भोवती काजळी शिजून डांबरासारखी घट्ट झाली होती. अशा वेळी पहार घालून उचकटण्याचा मोह होतो. इंजिनाचे डोके, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, बिडाचे असते, त्याला तडा गेला तर आमची होळी, आमचे वर्ष आणि आमचे कर्ज सगळेच तिथे थांबले असते. मी गंज सैल करणारे तेल भोवताली सोडले आणि आम्ही भाकरी खायला बसलो. तासाभराने पुन्हा तेल सोडले. नोझलच्या अंगाला पाना लावून इकडे एक केस, तिकडे एक केस असे फिरवत राहिलो. दुपारी दोनच्या सुमारास ते कुरकुरले आणि किंचित हलले, आणि त्यानंतरही ते हातात यायला अर्धा तास लागला. त्याचे टोक बाकी दोघांच्या शेजारी ठेवले तेव्हा कोणालाही फरक कळला असता: पहिल्या दोघांची टोके सुकी, करडी, तिसऱ्याचे काजळीने माखलेले आणि ओले. तिन्ही भोके स्वच्छ कापडाने बंद करून वरून ताडपत्री बांधली, तिन्ही नोझलना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि ती डबीत घालून मी शहाद्याला निघालो.

याच्यापुढचे काम काठावर होत नाही, आणि होते असे मानून अनेकांनी इंजिने खराब केलेली आहेत. तारेच्या ब्रशने टोक घासायचे, सुईने छिद्रे टोकरायची, तोंडाने फुंकून बघायचे आणि 'साफ झाले' म्हणून पुन्हा बसवायचे, हे मी पाहिलेले आहे, तरुणपणी केलेलेही आहे. छिद्र एका बाजूने जरासे मोठे झाले तरी फवारा तिरपा जातो आणि पिस्टनचा माथा एकाच जागी भाजू लागतो. नोझल काढणे आणि बसवणे हे हाताचे काम आहे. ते चांगले आहे की वाईट, हे यंत्रच सांगू शकते. हाताने दाबायच्या दांड्याचे, वर दाबाचे घड्याळ असलेले ते यंत्र डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानात असते.

शहाद्याच्या त्या दुकानातल्या चाचांनी पहिले नोझल यंत्राला लावून दांडा दाबला. १८० बारला ते उघडले, किरकिर असा कोरडा आवाज आला आणि फवारा बऱ्यापैकी सारखा पडला. दुसरे १७५ ला उघडले. तिसऱ्याला काही आवाजच झाला नाही. १३० च्या आसपास त्यातून एक धार निघाली, आणि चाचांनी दांडा सोडल्यावरही टोकाला थेंब जमून ठिबकत राहिला. त्यांनी ते उघडले, सुई चिमट्याने माझ्यासमोर उजेडात धरली आणि म्हणाले, "सर, हे बघा. हा डाग कशाचा? हा गंज आहे. तुमच्या डिझेलमध्ये पाणी आहे." त्या चकचकीत सुईवर टोकाजवळ तांबूस, तिळाएवढा डाग होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. वयाला, इंजिनाला, आधीच्या मालकाला, सगळ्यांना मी मनातल्या मनात जबाबदार धरून झाले होते. कॅनमधून डिझेल ओतणारे हात मात्र माझे आणि माझ्या विद्यार्थ्याचे होते.

तिन्हींना नवी टोके घालायचे ठरले, कारण तिघांचे आयुष्य आणि तिघांचे डिझेल एकच होते, आणि एक सिलिंडर २०० वर व बाकी १७५ वर चालला तर इंजिन कधीच एकसारखे धावत नाही. नव्या टोकावर गंज धरू नये म्हणून चिकट थर दिलेला असतो; तो चाचांनी स्वच्छ डिझेलमध्ये धुतला, सुई तिच्या घरातून एक तृतीयांश बाहेर ओढली आणि सोडून दिली. ती स्वतःच्या वजनाने, न अडखळता, हळूच आत उतरली. ती उतरताना पाहणे मला फार आवडले. मग स्प्रिंगखाली पातळ चकत्या घालून त्यांनी तिन्ही नोझल २०० ला आणली आणि प्रत्येकाचा फवारा मला कागदावर दाखवला. मी तीन नवे तांब्याचे वॉशर घेतले, डिझेलचा नवा फिल्टर घेतला, इंजिनाचे तेल घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत निघालो.

आता त्या वॉशरविषयी. नोझल ज्या भोकात बसते त्याच्या तळाशी तांब्याची एक जाडसर चकती असते. तांबे मऊ असल्यामुळे ते दाबाखाली थोडे पसरते आणि जळणारा वायू वर येऊ देत नाही. शिवाय नोझलचे टोक सिलिंडरमध्ये नेमके किती खोल उतरावे हेही त्या चकतीच्या जाडीवरच ठरते. एकदा दाबली गेलेली चकती कडक होते. आप्पा जुनी चकती चुलीत लाल करून पाण्यात टाकत. तांबे त्याने पुन्हा मऊ पडते, आणि अडीनडीला तो उपाय आजही खरा आहे. आमच्याकडे नवे होते. मी एकेक वॉशर ग्रीसच्या बोटाने नोझलच्या टोकाला चिकटवला आणि पहिले नोझल उचलून भोकाकडे नेले, तेव्हा माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, जुने दोनच आहेत."

ताटात जुने वॉशर ठेवलेले होते आणि ते खरोखरच दोन होते. मी परवा ते मोजले नव्हते. तिसरा, त्या अडकलेल्या नोझलचा, भोकाच्या तळाशी काजळीत चिकटून राहिला होता आणि वरून पाहता तळाचाच भाग वाटत होता. त्याच्यावर मी नवा ठेवला असता, तर नोझल एका चकतीच्या जाडीने वर राहिले असते, फवारा जिथे पडायचा तिथे पडला नसता, आणि सगळे नवे घालूनही तिसरा सिलिंडर पुन्हा धूर सोडत बसला असता. पुढचे कित्येक दिवस मी चाचांच्या कामाला नावे ठेवली असती. आम्ही सायकलच्या चाकाची एक तार घेतली, तिचे टोक वाकवून आकडा केला आणि टॉर्चच्या उजेडात तो वॉशर कडेने थोडा थोडा उचलत बाहेर काढला. तळाची बैठक लाकडी काडीला कापड गुंडाळून, काडी फिरवत फिरवत, तांब्याच्या कड्यासारखी गोल चकाकी दिसेपर्यंत पुसली. नंतर तिन्ही भोके उघडी ठेवून, आम्ही दोघे बाजूला होऊन, स्टार्टरने इंजिन दोन-तीन फेरे फिरवले. आत पडलेले काजळीचे कण भोकांतून फुर्रकन बाहेर उडाले.

नोझल बसवली. दाबपट्टीचे नट पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत, टॉर्क पान्याने, दोन्हीकडून सारखे आवळले. फिल्टर बदलला. यानंतर राहिले ते हवा काढण्याचे काम, आणि ते करताना मला कंदिलाच्या उजेडातले आप्पांचे हात सारखे दिसत होते. पंपात किंवा नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी इंजिन चालू होत नाही, कारण हवा दाबली जाते. पंप आपले सगळे बळ तिला दाबण्यात घालवतो आणि नोझलची सुई उचलतच नाही. टाकीची तोटी उघडली, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा छोटा दांडा हाताने मारत राहिलो. आधी फेस आला, मग फेसात डिझेल, मग बुडबुड्यांशिवाय एकसारखी धार. तो बोल्ट बंद. मग मोठ्या पंपावरचा बोल्ट, पुन्हा तेच. शेवटी नोझलकडचे तिन्ही नट सैल ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंदच मारला, मध्ये मिनिटभर थांबून, कारण बॅटरी उतरली असती तर ती भरून आणायला पुन्हा धडगाव. दुसऱ्या खेपेला पहिल्या नळीच्या तोंडाशी डिझेल उसळले, तिसऱ्या खेपेला बाकी दोन्हींकडे. नट आवळले.

इंजिन आधी एकाच सिलिंडरवर धडपडले, मग दुसरा लागला, आणि दोन-तीन ठोके चुकून तिसरा लागला. बोटीची लाकडे जी गेले कित्येक दिवस थरथरत होती ती शांत झाली. पांढरा धूर थोडा आला आणि विरला. मी तिन्ही नोझलच्या मुळाशी साबणाचे पाणी सोडून पाहिले. पहिल्या दोघांकडे काही नाही, तिसऱ्याकडे एक बारीक बुडबुडा फुगायचा आणि फुटायचा. इंजिन थांबवून ते निवू दिले, ते नट पुन्हा मापावर घेतले, आणि पुन्हा चालू केल्यावर बुडबुडा आला नाही. माझा विद्यार्थी बोटीच्या टोकाशी जाऊन बराच वेळ मागे पाहत उभा होता. तिथे पाण्यावर काहीच रेंगाळत नव्हते.

संध्याकाळी इंजिनातले सगळे तेल बदलले. जुने तेल पाण्यासारखे पातळ झाले होते आणि त्याला डिझेलचा उग्र वास येत होता. ते बंद कॅनमध्ये भरून शहाद्याला न्यायचे म्हणून वेगळे ठेवले. मग आम्ही डिझेलच्या कॅनकडे वळलो. ते धडगावहून जीपने येतात आणि उतारावरून डोक्यावर येतात. अर्धे भरलेले कॅन आम्ही उन्हात बोटीवर ठेवत होतो. दिवसा त्यातली हवा फुगून बाहेर जाई, रात्री नदीची ओलसर हवा आत येई, आणि तिचा दवबिंदू झाकणाच्या आतल्या बाजूला धरून खाली उतरे. ओतताना आम्ही कॅन उलटा करून शेवटचा थेंबही टाकीत घेत होतो, आणि तो शेवटचा थेंबच पाण्याचा होता. आता कॅन सावलीत, पूर्ण भरून, एक दिवस न हलवता ठेवायचा, वरून नळीने डिझेल काढायचे, तळाचे चार बोटे टाकीत जाऊ द्यायचे नाही, आणि टाकीच्या खालचा बोल्ट आठवड्यातून एकदा उघडून पाहायचा, असे आम्ही ठरवले.

भोंगऱ्याच्या बाजाराच्या आदल्या रात्री त्याने पहिल्या कॅनच्या तळाचे डिझेल शाळेतल्या शाईच्या रिकाम्या बाटलीत काढून बोटीच्या फळीवर ठेवले. सकाळी माणसे ढोल घेऊन चढू लागली तेव्हा त्याने ती बाटली मला उजेडात धरून दाखवली. वर पिवळसर डिझेल होते, खाली बोटभर पाणी, आणि त्या दोघांच्या मध्ये आखल्यासारखी सरळ रेघ.